‘खास स्त्रियांसाठी’ विमा घेण्याआधी

मा. संपादक,

महिला दिन जवळ आला की ‘खास स्त्रियांसाठी’ गंभीर आजार विम्याच्या जाहिराती वाढतात. अशी पूरक पॉलिसी घ्यावी का, हे ठरवण्याआधी घरचा मेडिक्लेम किती रकमेचा आहे ते पाहावे. मुंबईच्या खासगी रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांना 5 लाखांचा कौटुंबिक मेडिक्लेम सहज अपुरा पडतो. तिथे भर घालायची तर गंभीर आजार पॉलिसी नव्हे, सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचे बिल भरणारा जोड-विमा घ्यावा. साधा टॉप-अपही नको. त्यात डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण किंवा मेडिक्लेमने भरायची रक्कम (इथे 5 लाख), प्रत्येक भरतीला वेगळे मोजतात. केमोसाठी दर दोन-तीन आठवड्यांनी एक दिवस भरती व्हायचे. एकेक बिल 5 लाखांच्या आतच राहते आणि टॉप-अप कधी लागूच होत नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिले एकत्र धरतात.

गंभीर आजार पॉलिसीचा रुग्णालयाच्या बिलाशी संबंध नाही. व्याख्येत बसणारे निदान झाले की ती ठरलेली रक्कम एकदम देते, मेडिक्लेम मिळाला असला तरीही. तिचा उपयोग बुडालेल्या पगारासाठी. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन धरून सात-आठ महिने जाऊ शकतात. ‘हर-टू पॉझिटिव्ह’ प्रकारचा कर्करोग असेल तर इंजेक्शने साधारण वर्षभर चालतात. महिना 40 हजार कमावणारीचे वर्षाचे 4 लाख 80 हजार झाले. लोकलऐवजी टॅक्सी, स्वयंपाकाला बाई आणि शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज उतरवायला फिजिओथेरपी यांचे महिना 15 हजार धरले, तर आकडा 6 लाख 60 हजारांवर जातो. विमा साधारण एवढ्याचा असावा; 2 लाखांच्या पॉलिसीने मनाचे समाधान तेवढे होते. गृहिणीला पगार नाही म्हणून विमा नको, हा युक्तिवादही फसवा आहे. ती आजारी पडली की तिची कामे पैसे देऊनच करून घ्यावी लागतात.

पगार 21 हजारांपर्यंत असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास, वेतनाच्या 80 टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अशा बाईने आधी तो हक्क नीट समजून घ्यावा.

खरी गोम व्याख्येत आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित व्याख्येत ‘विशिष्ट तीव्रतेचा कर्करोग’ असे शब्द आहेत. स्तनातला जागच्या जागी असलेला, आजूबाजूच्या भागातही न शिरलेला कर्करोग आणि गर्भाशयमुखाचे सीआयएन-1 ते 3 हे कर्करोगपूर्व बदल त्यातून वगळलेले आहेत. थायरॉइडचा टी-1 एन-0 एम-0, म्हणजे लहान आणि इतरत्र न पसरलेला कर्करोगही त्यात बसत नाही. म्हणजे नियमित मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची पॅप चाचणी करून जिला आजार इतक्या लवकर सापडला, तिच्यावर शस्त्रक्रिया होऊनही या पॉलिसीतून हाती काहीच येत नाही. काही योजना प्राथमिक अवस्थेला रकमेचा काही भाग देतात. किती टक्के, ते लेखी घ्यावे. उलट, काही ‘महिला’ योजनांत स्त्री-अवयवांचे कर्करोग तेवढे असतात. हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड गायब. हृदय बायकांनाही असते, हे योजना आखणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे.

टर्म विम्यावर (मृत्यू झाल्यास रक्कम देणाऱ्या आयुर्विम्यावर) गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे जोड-संरक्षण घेत असाल तर तो ‘ॲक्सिलरेटेड’ आहे का ते विचारा. तसा असेल तर आजारात मिळालेली रक्कम मूळ विम्यातून वजा होते.

दावे अडतात ते बहुधा केसपेपरवर. गंभीर आजार पॉलिसींत पहिले 90 दिवस प्रतीक्षेचे असतात; त्या काळात आढळलेल्या आजाराचा दावा मिळत नाही. गाठ हाताला लागल्यावर पॉलिसी घेऊन तपासणी पुढे ढकलण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. एक तर उपचार लांबतात. दुसरे म्हणजे डॉक्टर ‘सहा महिन्यांपासून गाठ’ असे लिहितात आणि त्या एका ओळीवर दावा फेटाळला जातो. अर्जात जुनी सोनोग्राफी, फायब्रॉइड, थायरॉइडच्या गोळ्या सगळे लिहावे. एजंट ‘एवढ्याने काही होत नाही’ म्हणाला तरीही. दाव्याच्या वेळी बायोप्सी अहवाल आणि पहिल्या तपासणीचा कागद हमखास मागतात. मूळ प्रती मेडिक्लेमकडे जाण्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात.

पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवस ‘फ्री लुक’चे असतात. माहितीपत्रक बाजूला ठेवून पॉलिसीतली कर्करोगाची व्याख्या आणि वगळलेल्या गोष्टींची पाने त्या मुदतीत वाचावीत. पटले नाही तर पॉलिसी परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो.

– एक विमा सल्लागार, विलेपार्ले (पूर्व), मुंबई