‘मालादा’तला ‘माल’

दादर, मुंबई
१४ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

इदो या रचलेल्या भाषेतल्या ‘मालादा’ (आजारी) या शब्दाची फोड तू माल + आदा अशी केलीस, तिथेच घोळ झाला. तशी फोड एस्पेरांतो या तिच्या आधीच्या रचलेल्या भाषेतल्या ‘मालसाना’ची होते: ‘साना’ म्हणजे निरोगी, त्याच्या आधी उलट अर्थाचा ‘माल-’. १९०७ मध्ये एस्पेरांतोची दुरुस्ती म्हणून पुढे आलेल्या इदोने हा उपसर्गच काढून टाकला. उलट अर्थाला आता ‘देस-’ लावतात. मला तरी ते पटतं. फ्रेंच-इटालियन कानाला ‘माल’ म्हणजे वाईट, आणि इदोतही ‘माला’ म्हणजे वाईटच.

‘मालादा’ अख्खं उचललेलं आहे. फ्रेंच ‘मालाद’, इटालियन ‘मालातो’, इंग्रजी ‘मॅलडी’ ही सगळी भावकी. आणखी मागे गेलास तर लॅटिनमध्ये ‘माले हाबितुस’ सापडतं, म्हणजे वाईट अवस्थेतला. तेव्हा आत ‘वाईट’ आहेच, पण ते लॅटिनपासून मुरलेलं. इदोच्या व्याकरणाने सुटं करता येत नाही. पावसाळ्यात मुंबईला ज्याची धास्ती असते त्या मलेरियातही तेच बसलंय: इटालियन ‘माला आरिया’, खराब हवा. डास फार नंतर पकडला गेला.

तुझी दुसरी चूक, ‘मालादो’ म्हणजे आजारपण समजण्याची, अस्सल मराठी सवयीची. आपण फारसीतून ‘आजार’ घेतला (तिकडे त्याचा अर्थ त्रास, छळ) आणि त्याला ‘ई’ जोडून ‘आजारी’ केलं. आधी दुखणं, मग दुखणेकरी. इदोत उलटी गंगा: आधी ‘मालादा’, आजारी. शेवटच्या ‘आ’चा ‘ओ’ केलास की ‘मालादो’, म्हणजे आजारी माणूस. आजारपण हवं असेल तर मध्ये ‘एस’ घालावाच लागतो: ‘मालादेसो’. अमुक एक रोग म्हणायचा तर शब्दच वेगळा, ‘मोर्बो’. एस्पेरांतोत ‘मालसानो’ म्हणजे आजारपण, म्हणून तिकडून आलेले हमखास इथे घसरतात.

आजारी पडणे ‘मालादेस्कार’. ‘एस्क’ सुरुवात दाखवतो. उच्चाराचा आघात ‘मालादा’त ‘ला’वर, पण ‘-आर’वाल्या क्रियापदात शेवटी.

आता तुझं वाक्य, ‘मे हावास मालादो’. त्याचा अर्थ होतो, माझ्याकडे एक पेशंट आहे! ‘मे एसास मालादा’ लिही, नाहीतर एकाच शब्दात, ‘मे मालादेसास’.

तुझा,
अविनाश