बाळाच्या कातडीबद्दल सविस्तर

ती. बाबा आणि आई,

सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "माझाच दमा उतरला का गं तिच्यात?" तुमचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. तिला दमा नाही, एक्झिमा आहे. दमा, ॲलर्जीची सर्दी आणि एक्झिमा बऱ्याचदा एकाच घरात दिसतात हे खरं, पण यात दोष कुणाचाच नाही. तिच्या त्वचेचा वरचा थर थोडा कमजोर आहे. आतला ओलावा टिकत नाही आणि साबण, घाम, लाळ तिला लगेच झोंबतात. मग खाज सुटते, खाजवलं की कातडी आणखी सोलवटते आणि पुन्हा खाज. हा रोग संसर्गाचा नाही, तिला खुशाल मांडीवर घ्या. बहुतेक मुलांना वाढत्या वयाबरोबर पुष्कळ आराम पडतो.

आई, तू आलीस की अंघोळ तूच घालशील म्हणून सांगते. पाणी कोमट, पाच-दहा मिनिटंच, आणि घासायचं अजिबात नाही. अंग टॉवेलने नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर सगळीकडे लावायचं. दिवसातून निदान दोनदा, आणि चट्टे दिसेनासे झाले तरी सोडायचं नाही. सावळ्या अंगावर चट्टे लालच दिसतील असं नाही, तपकिरी किंवा करडेही दिसतात. हात फिरवला की खरखर लागते, त्यावर जास्त भरवसा ठेव.

स्टेरॉइडचं नाव काढताच तू घाबरलीस. डॉक्टरांनी दिलंय ते सौम्य आहे, १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन. ते चिडलेल्या जागेवरच, सांगितलेले दिवसच लावायचं. आपल्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून रेघ काढली, तर तेवढं मलम आपल्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. भीतीपोटी त्याहून कमी लावलं की चट्टा विझत नाही, ती रात्रभर तळमळते आणि शेवटी औषध जास्त दिवस चालवावं लागतं. तिचं ते तळमळणं मला बघवत नाही. म्हणून मलमाच्या बाबतीत कृपा करून हात आखडू नकोस.

माझं दूध-अंडी बंद करायचं म्हणालीस, ते मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी करणार नाही. बऱ्याच बाळांच्या एक्झिम्याचा खाण्याशी संबंध नसतो आणि उगाच पथ्य केलं तर माझंच पोषण कमी पडेल.

पिवळी खपली धरली, पू आला किंवा चट्टे झपाट्याने चिघळले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठला आणि तापही आला, तर क्षणभरही थांबायचं नाही. नागिणीच्या जातीचा एक विषाणू अशा कातडीवर वेगाने पसरतो. मोठ्यांच्या ओठांवर तापाच्या पुळ्या येतात त्या त्याच्याच. तेव्हा तुम्हा दोघांपैकी कुणालाही अशी पुळी आली असेल, तर ती पूर्ण बरी होईपर्यंत बाळाचे पापे घ्यायचे नाहीत.

तुमची लेक