कॉईलवर आधी आळ न घेणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, नमस्कार.

जुनी गाडी गरम झाली आणि मिसिंग करू लागली (ठिणगी चुकून अडखळू लागली) की पहिली इग्निशन कॉईल (बॅटरीच्या व्होल्टेजपासून प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणारी) बदलायची, ही गॅरेजांतली जुनी खोड. तपासण्याचा क्रम लावून देऊन ती तुम्ही मोडलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. इतरांच्याही कामी यावा म्हणून क्रम इथे मांडतो.

कॉईलच्या सगळ्या वायरी सोडवून मगच मापायचं. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून जे 0.2-0.3 ओहम दिसतात, ते वजा करायचे. प्रायमरीच (बॅटरीच्या बाजूचं वेटोळं) मुळात 3 ओहमची, तिथे एवढा फरकही भारी. बॅलास्ट म्हणजे कॉईलच्या आधी जोडलेला, करंट आवरणारा रेझिस्टर. बिनबॅलास्टच्या 12 व्होल्ट कॉईलला साधारण 3, बॅलास्टवालीला दीड. दीडवाली बॅलास्टशिवाय थेट जोडली की 4 च्या जागी 8 अँपियर ओढते, पॉइंट (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले, कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळतात आणि खापर नव्या कॉईलवर! सेकंडरी (ठिणगीच्या बाजूचं वेटोळं) बहुधा 5 ते 10 हजार ओहम. मीटर हललाच नाही तर आतली तार तुटली, विषय संपला.

खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. थंड कॉईलचं रीडिंग बरोबर आलं म्हणजे कॉईल पास झाली असं नाही. वेटोळ्यांमधलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं, आणि मीटरच्या किरकोळ व्होल्टेजला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून गाडी तापवून, मिसिंग चालू असतानाच ठिणगी बघायची. कॉईलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या मधल्या एच.टी. (हाय टेन्शन) वायरचं टोक इन्सुलेटेड पक्कडीने ब्लॉकपासून 6 मिलिमीटरवर धरायचं. पॉइंट उघडताच निळी, कडकडीत ठिणगी हवी. (पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोगच नको.) पिवळट, मरतुकडी आली तर आधी कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा) बदलायचा, 0.2 ते 0.3 मायक्रोफॅरडचा, तो गेला की पॉइंटवरच ठिणग्या उडतात. आणि एच.टी. वायर लोंबकळत ठेवून सेल्फ मारायचा नाही. व्होल्टेजला बाहेर वाट मिळाली नाही की ते कॉईलच्या आतूनच फोडून जातं.

पोलॅरिटीकडे (प्लस-मायनसकडे) तर कोणी बघतच नव्हतं, कारण कॉईल उलट जोडली तरी गाडी चालते. मात्र प्लगला जास्त व्होल्टेज लागतं आणि चढावर, लोड आला की मिसिंग सुरू. निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं मायनस बॉडीला जोडलेल्या) गाडीत मायनस टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे, पॉझिटिव्ह अर्थमध्ये प्लस. टर्मिनलवर एसडब्ल्यू (स्विचकडे) आणि सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे पॉइंटकडे) अशा खुणांची ल्युकस कॉईल पॉझिटिव्ह अर्थसाठीची. गाडी निगेटिव्ह अर्थ केली असेल तर या कॉईलच्या त्या दोन टर्मिनलवरच्या वायरींची अदलाबदल करायची.

आपले,
जुन्या गाड्यांची कामं करणारे आम्ही सगळे