खांद्यावरचे तारे आणि कमरेच्या किल्ल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या सध्या आपल्या अंकात सतत येत आहेत. घाट, रिंगरोड, साधुग्राम, पार्किंग, कॅमेरे. आरोग्याचा उल्लेख असतो तो शेवटून दुसऱ्या परिच्छेदात: इतक्या खाटा, इतक्या रुग्णवाहिका, इतके डॉक्टर. परिचारिका आल्याच तर खाटांच्या शेजारी, तशाच मोजून. मी ३४ वर्षं सरकारी नोकरी करून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची मुख्य सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. नियोजनाच्या त्या टेबलाशी एखादी अधिसेविका, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या परिचारिकांची प्रमुख, बसलेली कुठल्या फोटोत दिसते का, हे मी हल्ली चष्मा पुसून बघते. अजून दिसली नाही.

एक रात्र सांगते. साल नको, गावही नको. त्यातले बहुतेक जण माझ्यासारखेच निवृत्त आहेत आणि लग्नकार्यात भेटतात. तालुक्याचं रुग्णालय, रात्रीचे पावणेदोन. घाटात वऱ्हाडाची जीप उलटली आणि अकरा जण एकदम दारात आले. एक अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) रजेवर होती म्हणून परिसेविका असूनही मीच नाइटला थांबले होते. वॉर्डात आयव्ही सेट चार, सलाइनच्या बाटल्या सहा. बाकीचा माल भांडारात, भांडाराला कुलूप, किल्ली औषधनिर्मात्याकडे आणि औषधनिर्माते सुटीला घरी. डॉक्टर एकटे, ते एका मुलाचं डोकं शिवत होते. मी वॉर्डबॉयच्या हातात ऑक्सिजन सिलिंडरचा पाना दिला आणि म्हटलं, तोड.

आठ दिवसांनी मेमो आला: ‘शासकीय भांडार विनापरवानगी का उघडले, याचा खुलासा करावा.’ खुलासा दिला, प्रकरण मिटलं. कुलपाचे ८५ रुपये पगारातून कापले गेले.

माझ्या बहिणीची मुलगी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर आहे. हा किस्सा मी घरात हसत सांगते तसा तिलाही सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, “मावशी, आमच्याकडे उलटं झालं असतं. कुलूप वेळेत का नाही उघडलं म्हणून मला विचारलं असतं.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. काम तेच, सुई तीच, पेशंटही त्याच मातीतले. फरक आहे तो, सिस्टरने ठरवावं असं व्यवस्थेला वाटतं की नाही, यात.

लष्करातली ही सेवा जुनी आहे. २८ मार्च १८८८ रोजी दहा ब्रिटिश नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या, तिथून ती सुरू झाली. पहिल्या महायुद्धात भारतीय मुली घेतल्या गेल्या, १९२६ मध्ये रीतसर सेवा उभी राहिली आणि १९४३ च्या अध्यादेशाने तिला अधिकाऱ्यांचा दर्जा आला. आज मुलगी लेफ्टनंट म्हणून लागते आणि वाट मेजर जनरलपर्यंत जाते. १९७६ मध्ये गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत त्या हुद्द्यावर पोचलेली पहिली स्त्री एक नर्स होती. डॉक्टर नव्हे, नर्स! आमची शिडी अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका, आणि तिथं जवळपास संपली. बऱ्याच जणी तिसऱ्या पायरीच्या आधीच पेन्शनीत जातात.

माझे धाकटे दीर तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. हर्नियाच्या ऑपरेशनला ते लष्करी रुग्णालयात होते तेव्हा मी तीन दिवस त्यांच्या उशाशी होते. सकाळी मेट्रन फेरीला आल्या. जेवणाच्या ट्रॉलीवरचं वरण पळीने तळापासून ढवळून पाहिलं. एका जवानाच्या इन्ट्राकॅथच्या (शिरेत बसवलेल्या सलाइनच्या नळीच्या) पट्टीवर तारीख घातलेली नव्हती, तिथं नुसतं बोट ठेवलं. बरोबरच्या लेफ्टनंट मुलीचा चेहरा उतरला आणि पेन बाहेर आलं. जाता जाता बेसिनचा गळका नळ बघितला. दुपारच्या आत प्लंबर हजर! माझ्या वॉर्डातल्या नळासाठी मी दोन अर्ज आणि एक स्मरणपत्र दिलं होतं. शेवटी एका पेशंटच्या प्लंबर असलेल्या भावाने तो बसवून दिला, त्याच्या बदल्यात त्याला भेटीच्या वेळेत सूट.

लष्करात सगळं आलबेल आहे असं मात्र मी म्हणत नाही, भाची तर मुळीच म्हणत नाही. लग्न केलं म्हणून नर्सिंग अधिकाऱ्याला घरी पाठवायचा नियम तिथं १९९५ पर्यंत होता. १९८८ मध्ये असं काढून टाकलेल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना ६० लाख रुपये भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. छत्तीस वर्षांनी. शिवाय त्या सेवेत आजही फक्त मुलीच घेतल्या जातात. आमचे ब्रदर लोक, म्हणजे पुरुष नर्स, कितीही हुशार असोत, त्यांना ते दार बंद.

म्हणून मला हवी आहे ती सलामी नाही. मला हवा आहे जबाबदारीएवढा अधिकार. जबाबदारी आमच्याकडे भरपूर आहे. वॉर्डातली प्रत्येक चादर, प्रत्येक थर्मामीटर, प्रत्येक किडनी ट्रे परिसेविकेच्या नावावर. निवृत्तीच्या आधी डेड स्टॉक रजिस्टर (वॉर्डातल्या टिकाऊ सामानाची नोंदवही) जुळवताना दोन ब्लँकेट कमी भरली, तेव्हा मी पुऱ्या वॉर्डाची कपाटं उपसली होती. (ती लाँड्रीत निघाली, दुसऱ्याच वॉर्डाचा शिक्का मारून.) दोन ब्लँकेटसाठी जिची पेन्शन अडू शकते, तिला रात्री दोन वाजता सलाइनची पेटी उघडायची मुभा नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. खाली गाद्या टाकलेले धरून बावन्न पेशंट आणि आम्ही दोघी, अशा रात्री मी मोजून थकले. केंद्राने २०१६ मध्ये आपल्याकडच्या स्टाफ नर्सला ‘नर्सिंग ऑफिसर’ म्हणायला सुरुवात केली, चांगलंच झालं. पण ऑफिसर म्हटलं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवली, तर पाटी तेवढी नवी.

आता सिंहस्थाचं. २००३ मध्ये २७ ऑगस्टला सरदार चौकाच्या गल्लीत चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. गर्दीत कधी काय होईल हे कोणी सांगू शकत नाही, पण पहिल्या दहा मिनिटांत जखमींची वर्गवारी कोण करणार हे आज ठरवता येतं. लाल पट्टी म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे थोडं थांबू शकेल, हिरवी म्हणजे चालता येतंय, काळी म्हणजे हात जोडायचे. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात. ओरडणारा श्वास घेतोय एवढं नक्की असतं. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं, हे अंगवळणी पडायला सराव लागतो. तो सराव लष्करी नर्सेसना असतो, आमच्या मुलींना मिळत नाही.

आणि त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. पुण्याच्या एएफएमसीच्या, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, नर्सिंग कॉलेजची पदवी त्याच विद्यापीठाची. देवळाली छावणी शहराला खेटून. विद्यापीठाने पुढाकार घेऊन लष्करी नर्सिंग अधिकारी आणि जिल्ह्यातल्या सरकारी, महापालिकेच्या परिचारिका यांना चार-चार दिवस एकत्र बसवावं, गोदाघाटावर उभं करून रंगीत तालीम घ्यावी. सिंहस्थापुरतं तरी प्रत्येक तात्पुरत्या दवाखान्यात ड्युटी कोणी लावायची आणि भांडार कोणी उघडायचं, हे त्या पाळीच्या परिसेविकेच्या नावाने लेखी द्यावं. बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या मुलींना आदल्या रात्री फोनवर नव्हे, महिनाभर आधी आदेश मिळावा. आणि त्यांच्यासाठी कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. बारा तास पाणी न पिता ड्युटी केलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, कारण सांगायला नको.

अधिकार दिला तर गैरवापर होईल, असं एक साहेब मला म्हणाले होते. होईलही एखादीकडून. तिला विचारा, तिचा मेमो काढा. पण ‘का उघडलं’ बरोबर ‘का नाही उघडलं’ हेही विचारायची सोय फॉर्मवर असू द्या.

प्रशिक्षण खरंच ठरलं, तर आमच्यासारख्या निवृत्त सिस्टर्सनाही बोलवावं. मानधन नको. गुडघे बोलतात, तेव्हा एक खुर्ची लागेल.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, नाशिकरोड