विषय: भाच्याच्या दंडासाठी माझ्या घरातल्या वस्तूंची केलेली जप्तीची यादी रद्द करण्याबाबत

तक्रार विभाग,

आज दुपारी तुमच्या कॉल सेंटरशी सहाव्यांदा बोलले. एक्केचाळीस मिनिटं. फोन ठेवल्या ठेवल्या हे लिहायला बसले आहे, कारण सातवा फोन मी करणार नाही.

दंडवसुलीचं वॉरंट माझ्या भाच्याच्या नावावर आहे. तो लेस्टरच्या या घरात राहत नाही. इंग्लंडला आला तेव्हा पाच महिने आमच्याकडे होता आणि बँकेत खातं उघडताना त्याने आमचा पत्ता दिला होता. त्यानंतर तो कोव्हेंट्रीला गेला आणि तिथेच आहे. त्याचा आत्ताचा पत्ता मी तुम्हाला तीनदा सांगितला, दोनदा ईमेलही केला. तरी तुमचा बेलिफ, म्हणजे वसुलीचा एजंट, आला तो माझ्याच दारात.

दंड टीव्ही लायसन्स नसल्याचा. २२० पौंड दंड, ८८ पौंड सरचार्ज, १२० पौंड खर्च, असे ४२८. कोर्टाची पत्रं त्याच्या जुन्या शेअरिंगच्या घरी गेली, तोवर त्याने ते घर सोडलं होतं. एका मॅजिस्ट्रेटने नुसत्या कागदांवर निकाल दिला, याला त्याची खबरच नाही. दंड बुडवू द्या असं मी म्हणत नाही. आपल्यावर केस झाली होती हे त्याला माझ्या फोनवरून कळलं आणि २१ दिवसांच्या मुदतीत त्याने कोर्टात स्टॅट्युटरी डिक्लरेशन, म्हणजे केसची माहितीच नव्हती असं शपथेवरचं निवेदन, दिलं आहे. प्रत जोडली आहे. ते त्याचं आणि कोर्टाचं आहे. माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे.

मंगळवारी सकाळी साडेआठला मी आणि माझे यजमान कामावर होतो. घरी फक्त सासूबाई, वय ८२. त्यांना इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नाही. दारातल्या माणसाने भाच्याचं नाव घेतलं, ते तेवढं त्यांना कळलं. पोराचा कोणी मित्र आला असेल म्हणून त्या पाणी आणायला आत वळल्या आणि तो त्यांच्या मागोमाग हॉलमध्ये आला. त्याने टीव्ही लिहिला, माझं शिलाई मशीन लिहिलं आणि देवघरातली चांदीची समई लिहिली. तुमच्या कागदावर तिचं नाव आहे ‘धातूची शोभेची वस्तू, १’. मग त्याने सासूबाईंपुढे टॅब्लेट धरला आणि या वस्तूंच्या जप्तीच्या करारावर बोटाने सही करायला लावली.

ती सही माझ्यासमोर आहे. सासूबाई सही करतात तेव्हा आधी सगळी अक्षरं काढतात आणि मग डावीकडून उजवीकडे सावकाश वरची रेघ ओढतात. ती रेघ तुमच्या चौकटीच्या बाहेर गेली आहे. खाली इंग्रजीत छापलंय ‘कर्जदाराची सही’.

आता आजचा फोन. तुमचा माणूस म्हणाला, डेटा प्रोटेक्शनमुळे या खात्याबद्दल फक्त कर्जदाराशीच बोलता येईल. मी म्हटलं, खात्याबद्दल बोलूच नका, माझ्या समईबद्दल बोला. तो म्हणाला, यादीतल्या वस्तू कर्जदाराच्या धरल्या जातात, तुमच्या असतील तर पावत्या पाठवा. समई माझ्या आईने लग्नात दिली, एकतीस वर्षं झाली. मी पावती कुठून आणू? मग म्हणाला, तो तिथे राहत नाही हे तुम्ही सिद्ध करा. मी विचारलं, कागदावर सही कोणाची आहे? म्हणाला, कर्जदाराची. मी म्हटलं, उघडून बघा, कुठल्या लिपीत आहे ते सांगा. बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. आणि मग तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या लोकांत सगळं कुटुंब एकाच घरात राहतं ना? आपसांत भरून टाका, विषय संपेल.”

मी त्याला ते पुन्हा म्हणायला सांगितलं. त्याने मला होल्डवर टाकलं. चौदा मिनिटांनी फोन कट झाला.

म्हणजे बोलायला मी परकी, आणि जप्तीला घर माझं. हे मला एकदा नीट लिहून समजावा. वॉरंटवर त्याचं नाव आहे म्हणून माझ्याशी बोलायचं नाही. मग त्याच वॉरंटवर माझी समई यादीत कशी घेता?

नियम तुम्हाला माहीत आहेत, तुमचा धंदाच त्यावर चालतो. वसुलीच्या २००७ च्या कायद्याच्या (ट्रायब्युनल्स, कोर्ट्स अँड एन्फोर्समेंट ॲक्ट) शेड्यूल १२ प्रमाणे फक्त कर्जदाराच्याच वस्तू घेता येतात. घरात फक्त एखादी असुरक्षित व्यक्ती असेल तर एजंटने आत जायचंच नाही. वस्तूंचा करार कर्जदाराने किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्रौढ माणसाने करायचा असतो, आणि ज्याला त्याचा अर्थ कळत नाही असं दिसतंय त्याच्याकडून तो घ्यायचा नसतो. ८२ वर्षांची बाई पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होती. तिला काय कळतंय हे तुमच्या माणसाला दिसलं नाही, हे मी मान्य करणार नाही.

आणि त्या भेटीचे २३५ पौंड तुम्ही लावलेत. नोटिशीचे ७५ आधीच होते, त्यामुळे ४२८ चे ७३८ झाले. जिथे तो राहत नाही असं मी आधीच कळवलं होतं, त्या दारात पाऊल ठेवल्याचे २३५ पौंड. ते पोरगं वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करतं.

सासूबाई त्या दिवसापासून दाराची बेल वाजली की उठत नाहीत. ‘मी सही केली म्हणून समई जाणार का गं?’ हे रोज विचारतात. समई त्यांनी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आहे. देवघरात दिवा लावलेला नाही.

मला पुढच्या गोष्टी लेखी हव्या आहेत. तो करार रद्द झाल्याचं पत्र. २३५ पौंड काढून टाकल्याचं पत्र. या वॉरंटच्या नोंदीतून माझा पत्ता काढल्याचं पत्र. एजंटच्या अंगावर कॅमेरा होता, सासूबाईंना त्याचा लाल दिवा आठवतो. त्या दिवसाचं चित्रण आणि आजच्या फोनचं रेकॉर्डिंग पुसायचं नाही. दोन्हींच्या प्रती आम्ही डेटा संरक्षण कायद्याखाली मागत आहोत. सासूबाईंचा वेगळा अर्ज जोडला आहे, मुदत एक महिना.

चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर एजंटला सर्टिफिकेट देणाऱ्या काउंटी कोर्टात ईएसी-२ फॉर्म भरून त्याची तक्रार करणार आहे. फॉर्म भरून तयार आहे. खासदारांच्या कार्यालयातही याची प्रत जाईल.

आणि सासूबाईंच्या नावाने माफीचं पत्र पाठवा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. भाषांतराचा खर्च तुमचा. सही त्यांच्याकडून इंग्रजी कागदावर घेतलीत, माफी त्यांना वाचता आली पाहिजे.

उत्तर टपालाने पाठवा. घरी कोणी येऊ नये.