दिव्यांगांच्या अर्जातील त्रुटी एकदाच आणि लेखी सांगा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिव्यांग व्यक्तींना मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याचे अर्ज महिनोन्महिने का रखडतात, याकडे आपल्या दैनिकाच्या माध्यमातून संबंधित खात्यांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गोव्यात योजनांची वानवा आहे, असे कोणी म्हणणार नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना 2001 पासून चालू आहे आणि ज्येष्ठ व निराधार महिलांबरोबर दिव्यांगांनाही तिचा आधार आहे. 2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांसाठीचा महोत्सव पहिल्यांदा भरला आणि दिव्यांगांची दखल घेणारे राज्य म्हणून गोव्याचे नाव देशभर झाले, याचा गोमंतकीय म्हणून मला अभिमान वाटतो. एवढा सोहळा नेटकेपणाने पार पाडणाऱ्या प्रशासनाला एका अर्जाचा प्रवास आटोक्यात आणणे अशक्य नाही, अशी माझी खात्री आहे.

उशीर इस्पितळातल्या तपासणीमुळे होतो, असा सर्वसाधारण समज आहे. काही अंशी तो खराही आहे. परंतु ओळखीच्या लोकांच्या अर्जांमागे फिरताना मला दिसले ते असे, की खरा वेळ कागद परत येण्यात आणि पुन्हा आत जाण्यात जातो. आमच्या वाड्यावरील एका गवंड्याचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याच्या वर कापावा लागला. त्याला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र फारशी खळखळ न होता मिळाले. त्यानंतर अर्थसाहाय्यासाठी केलेला अर्ज मात्र प्रथम रहिवासी दाखला ठरलेल्या नमुन्यात नाही म्हणून परत आला. तो दुरुस्त करून दिल्यावर बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्सवरचा आयएफएससी क्रमांक पुसट आहे, असा शेरा आला. तीही पूर्तता झाल्यावर जन्मनोंदीतील आणि आधार कार्डावरील आडनाव जुळत नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आले. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी त्या कागदांत होत्या. त्या एकत्र सांगितल्या असत्या तर एकाच खेपेत काम झाले असते. कुबड्या घेऊन कदंबच्या बसची पायरी चढता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी रिक्षा करावी लागली आणि सोबत जाणाऱ्या बायकोचा रोज बुडाला. महिन्याकाठी दोन हजारांच्या घरातल्या रकमेची वाट पाहणाऱ्या माणसाला ती रक्कम हाती पडण्याआधीच असा खर्च सोसावा लागतो, हे मला अन्यायाचे वाटते.

आडनावाचा मुद्दा गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. आपल्याकडील जुन्या जन्मनोंदी आणि जमिनीचे कागद पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमध्ये आहेत. ‘नाईक’ या आडनावाच्या शेवटी जुन्या कागदात क्यू-यू-ई असते आणि आधार कार्डावर के असतो. ‘शिरोडकर’ची अवस्थाही तशीच. ही तफावत अर्जदाराने निर्माण केलेली नाही आणि तिच्यात लबाडीही नाही, हे प्रत्येक गोमंतकीय कर्मचारी जाणतो, कारण त्याच्या स्वतःच्या घरातही असे कागद असतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच स्वीकारले जाईल, असे अर्जाच्या नमुन्यावर छापले, तर कितीतरी फायली मागे फिरणार नाहीत.

खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. हयातीच्या दाखल्यांपासून नव्या अर्जांपर्यंत सगळे त्यांच्याच टेबलावर येऊन पडते आणि वरून फाईल परत आली की अर्जदाराचे बोलणेही त्यांनाच ऐकावे लागते. दोष पद्धतीत आहे. अर्ज स्वीकारतानाच सर्व कागद तपासून, काही कमी असल्यास ते सर्व एकाच वेळी लेखी कळवावे आणि पूर्तता झाल्यावर आवक क्रमांक व तारीख असलेली पोच द्यावी. त्यानंतर नवी त्रुटी काढायची झाल्यास ती पहिल्या तपासणीत का दिसली नाही, याचे कारण वरिष्ठाने आपल्या सहीनिशी फाईलवर नोंदवावे. एवढा एक नियम काटेकोर पाळला गेला तरी निम्मे हेलपाटे वाचतील, असे मला मनापासून वाटते.

मुदतीच्या बाबतीत मागे जाण्याची वृत्ती मला अधिक खटकते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या अंतर्गत 2017 मध्ये केलेल्या नियमांनुसार अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात प्रमाणपत्र देणे अपेक्षित होते. 2024 च्या दुरुस्तीने तो अवधी तीन महिन्यांवर नेला. काम वेळेत होत नाही म्हणून वेळच वाढवून घ्यावी, हा मार्ग प्रशासनाला सोयीचा असेल. पण पाय गेलेल्या माणसाच्या घरचा किराणा तीन महिने थांबत नाही. हा नियम केंद्राचा आहे, हे मान्य. तथापि तीन महिने ही कमाल मर्यादा आहे आणि त्याआधी प्रमाणपत्र देण्यास राज्याला कोणी अडवलेले नाही. गोव्यासारख्या लहान राज्याने आपल्या इस्पितळांसाठी जुनीच एका महिन्याची मुदत ठेवावी. काणकोण किंवा सत्तरीतून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येणे ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ठरावीक वारी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात तपासणी व्हावी आणि अंथरुणाला खिळलेल्यांची तपासणी घरी जाऊन करावी. ज्यांचे दिव्यांगत्व कायमचे आहे त्यांना कायमस्वरूपी प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमांतच आहे, तिचा वापर हात आखडून होऊ नये. कापलेला पाय पुन्हा तपासून कोणाला काय मिळणार?

प्रमाणपत्रानंतरच्या टप्प्यासाठीही आधार हाताशी आहे. नागरिकांना ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याच्या हक्काचा कायदा गोवा विधानसभेने 2013 मध्ये केला. दिव्यांगांच्या अर्थसाहाय्याचा अर्ज किती दिवसांत निकाली निघेल, त्याला जबाबदार अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचे, हे त्या कायद्याला धरून प्रत्येक कार्यालयाच्या फलकावर मराठीत आणि कोकणीत ठळकपणे लावावे. याशिवाय मंजुरी कधीही मिळो, रक्कम परिपूर्ण अर्जाच्या तारखेपासून मोजली जाईल, अशी स्पष्ट तरतूद असावी. विलंबाचा भुर्दंड अर्जदाराऐवजी तिजोरीवर पडू लागला की फायली आपोआप हलू लागतील, असे माझे मत आहे.

अर्जदारांनाही अनुभवावरून काही सांगावेसे वाटते. कागद देताना प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी अर्ज भरताना सेवा केंद्रवाल्याचा नव्हे, तर घरातलाच मोबाइल क्रमांक द्यावा. नाही तर तपासणीच्या तारखेचा निरोप भलत्याकडेच जातो. प्रमाणपत्रावरील दिव्यांगत्वाची टक्केवारी मान्य नसेल तर तिच्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क कायद्यात आहे. अर्ज विनाकारण अडला असेल तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते आणि अशा चौकशीत आयुक्तांना साक्षीदार व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. हे अनेकांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते ते कार्यालयाशी वाकडे नको म्हणून गप्प बसतात.

शेवटी संबंधित खात्याला एक जाहीर विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तालुकावार किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती त्रुटींसाठी परत गेले आणि तीन महिन्यांहून जुने किती पडून आहेत, ही आकडेवारी वृत्तपत्रांना द्यावी. आपल्या दैनिकाने ती नियमितपणे छापावी, अशी आपणांसही विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, डिचोली