स्वतंत्रपूरच्या शेजारून

आटपाडी, जि. सांगली

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. दुकान नीट चालले आहे, नवी भट्टी लागली आहे आणि टंचाविषयी, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेविषयी, एकाही सराफाची तक्रार नाही, हे वाचून तुझ्या आईला आणि मला समाधान वाटले. पत्राच्या शेवटी तू जे लिहिले आहेस ते मात्र चार दिवस माझ्या मनातून जात नाही. तिथल्या बालसुधारगृहाच्या अधीक्षकांनी, रविवारी दोन तास येऊन मुलांना धातूकाम शिकवाल का, असे विचारले आणि तू नकार दिलास. आपण परमुलखातली माणसे, त्यात धंदा सोन्याचांदीचा, तेव्हा असल्या मुलांशी ओळख वाढवून संकट कशाला ओढवून घ्यायचे, हे तुझे कारण. मी रागावलेलो नाही. हेच कारण मी तमिळनाडूत त्रिचीमध्ये तीस वर्षे स्वतःला सांगत आलो, म्हणून ते मला लगेच ओळखू आले.

आपल्या रानापासून हाकेच्या अंतरावर स्वतंत्रपूर आहे. लहानपणी आजोबांचे बोट धरून तू तिथल्या माणसांकडून वांगी आणायला जात होतास आणि ही माणसे जन्मठेपेचे कैदी आहेत हे कळल्यावर, यांना भिंत का नाही, असे तू विचारले होतेस. त्या वेळी मी सुट्टीवर आलो होतो आणि काहीतरी सांगून तुला गप्प केले होते. त्या प्रश्नाचे उत्तर आज लिहीत आहे.

स्वातंत्र्यापूर्वी आपली आटपाडी औंध संस्थानात होती. ७२ गावांचे ते लहानसे संस्थान सलग नव्हते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात आहेत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि स्वतः चित्रे काढणारे राजे म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याकडे मॉरिस फ्रिडमन नावाचे एक पोलिश गृहस्थ आले. वॉर्सातल्या ज्यू कुटुंबात जन्मलेले, विजेच्या यंत्रांचे शिक्षण घेतलेले, फ्रान्समध्ये काम केलेले हे गृहस्थ म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या बोलावण्यावरून बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात आले होते. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि भारतानंद हे नाव धारण केले. लोक त्यांना इंजिनिअर म्हणत, मी कारागीर म्हणतो, कारण त्यांचे डोके कागदावर जितके चालत होते तितकेच हातही चालत होते.

आजोबांच्या पेटीत सूत कातायची धनुष तकली आहे ती तू पाहिली आहेस. ती भारतानंदांचीच कल्पना. साधी तकली बोटांनी फिरवावी लागते, थोडी फिरते आणि थांबते. धनुष तकलीत चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी काडी, आधारावर आडवी ठेवतात आणि लहानशा धनुष्याची पट्टी तिच्यावरून ओढतात, तेव्हा एका हाताच्या ओढीने चाती वेगाने फिरते आणि दुसरा हात सूत काढायला मोकळा राहतो. सुताराला हे नवे नाही, तो सामत्याने भोक पाडताना हीच युक्ती वापरतो. चरख्याला जेवढे लाकूड आणि जेवढी जागा लागते तेवढी हिला लागत नाही आणि खेड्यातल्या कोणाही सुताराला ती करता येते. मोठ्या कारखान्यात काम केलेल्या माणसाने आपले कसब इतक्या लहान वस्तूवर खर्च करावे, यातच मला त्यांची ओळख पटते. ज्याच्या हातात ती वस्तू जायची, त्याच्या ऐपतीचा विचार त्यांनी आधी केला होता.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औंधच्या राजांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि फ्रिडमन यांनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींशी विचारविनिमय केला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. गावची पंचायत, तिच्यावर तालुक्याचे मंडळ आणि वर संस्थानची सभा, अशी ती रचना होती. एक परका माणूस आपल्या गावच्या पंचायतीचा आराखडा करायला बसतो आणि राजा ते त्याला करू देतो, यातले नवल मला आजही वाटते.

त्याच वर्षी, फ्रिडमन यांच्याच कल्पनेतून, आटपाडीच्या माळावर स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना त्यांच्या बायकामुलांसह तिथे राहू द्यायचे, कसायला जमीन द्यायची आणि भिंत घालायची नाही, असे ठरले. बाळ, आपला माणदेश कसा आहे हे तुला सांगायला नको. पाऊस हुलकावणी देतो, माण नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते. असल्या जमिनीतून पीक काढायचे तर रोज तिच्याशी झगडावे लागते, आणि ज्याचे पीक उभे आहे, ज्याचे पोर गावच्या शाळेत जाते, तो माणूस पळून कुठे जाईल? माझ्या समजुतीप्रमाणे पहाऱ्याचे काम त्या जमिनीने आणि त्या संसाराने केले. या वसाहतीच्या कल्पनेवर पुढे १९५७ साली चित्रपट निघाला, तो आपण सर्वांनी मिळून पाहिला आहे. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले, तो राज्यकारभार संपला, वसाहत मात्र आजही चालू आहे.

फ्रिडमन पुढे तिबेटी निर्वासितांच्या मदतीत राबले. मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठीतली निरूपणे त्यांनी इंग्रजीत आणली आणि १९७६ साली मुंबईतच त्यांचा अंत झाला. वॉर्साचा माणूस निरूपण समजण्याइतकी मराठी शिकला. मी त्रिचीत तीस वर्षे काढली आणि माझी तमिळ मूस, टाकणखार, तेजाब आणि भाव यांच्या पलीकडे गेली नाही.

आता जे लिहितो ते तुझ्या आईलाही मी उशिरा सांगितले. त्रिचीच्या दुकानात भट्टीवर एक तमिळ मुलगा होता. हात असा की मुशीतला रस कधी थेंबभर सांडला नाही. त्याचा बाप तुरुंगात आहे असे कोणीतरी माझ्या कानावर घातले. दुकानातून गुंजभर सोने कधी कमी झाले नव्हते, तरी मी त्या मुलाचा हिशेब चुकता करून त्याला पाठवून दिले. तो काही बोलला नाही, फक्त हातातला चिमटा धुऊन जागेवर ठेवला आणि गेला. स्वतंत्रपूरच्या माणसांची वांगी खाऊन वाढलेल्या माझ्या हातून हे झाले. पुढे मी त्याचा शोध घेतला, तो सापडला नाही.

खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतली आपली गलाईची, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारी, माणसे देशभर पांगली आहेत आणि ज्या गावात गेली तिथे विश्वासावरच उभी राहिली. सराफ आपले सोने आपल्या हवाली करून घरी झोपतो. आपल्याला जे मिळाले आहे तेच ते अधीक्षक त्या मुलांसाठी तुझ्याकडे मागत आहेत. तुझी भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. सोने तिथे नेऊ नकोस, भट्टी आणि तेजाबही नको. पितळेच्या तारेचे काम, कानशीची ओढ, डाग देऊन तुकडे सांधणे, एवढ्यापासून सुरुवात कर. अवजारे मोजून दे, मोजून घे, मात्र मोजणी त्यांच्यापैकीच एका मुलाला करायला सांग.

अधीक्षकांना भेटून नकार मागे घेतलास की मला लगेच कळव. माझ्या जुन्या चार कानशी आणि लहान ऐरण मी तेल लावून बांधून ठेवली आहेत. पुढच्या आठवड्यात आपल्याकडचा एक मुलगा तिकडे निघाला आहे, त्याच्याबरोबर पाठवतो.

तुझे,
अण्णा